थव्यात राहणारा झेब्रा मासा: घरच्या मत्स्यालयात आधी पाणी, मग मासे

शोभिवंत माशांच्या दुकानात दर्शनी टाकीमध्ये निळ्या-रुपेरी पट्ट्यांचे, सतत धावपळ करणारे बोटाएवढे मासे हमखास दिसतात. झेब्रा डॅनिओ किंवा नुसतेच ‘झेब्रा’ या नावाने ते ओळखले जातात. किंमत अल्प, स्वभाव शांत आणि प्रकृती काटक, या तीन गुणांमुळे पहिल्यांदाच मत्स्यालय ठेवणाऱ्या कुटुंबाला बहुधा हाच मासा सुचवला जातो. मात्र त्याच्या काटकपणाचा अर्थ अनेकदा चुकीचा घेतला जातो. एखादी जोडी काचेच्या गोल भांड्यात सोडली जाते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाणी गढूळ होते आणि आठवडाभरात मासे दगावतात. मुलांना त्याचे वाईट वाटते, मोठ्यांना आपल्या हातून काय चुकले ते समजत नाही आणि बाजारातून नवी जोडी आणली जाते.

या अपयशाची कारणे गूढ नाहीत. झेब्रा मासा एकटा राहण्यासाठी घडलेला नाही आणि नव्याने भरलेले स्वच्छ दिसणारे पाणी त्याला मानवणारे असतेच असे नाही. थवा आणि पक्व पाणी या दोन गोष्टी सांभाळल्या, तर हा लहानसा जीव दोन ते तीन वर्षे, चांगल्या निगराणीत त्याहूनही अधिक काळ घराची शोभा वाढवतो.

मूळ भारतीय उपखंडातील

अनेक मत्स्यप्रेमी झेब्रा माशाला परदेशी समजतात. प्रत्यक्षात तो भारतीय उपखंडातील आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील स्कॉटिश वैद्य आणि निसर्ग-अभ्यासक फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगा आणि तिच्या उपनद्यांतील माशांवर लिहिलेला ग्रंथ १८२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कोसी नदीत आढळलेल्या या माशाचे शास्त्रीय वर्णन प्रथम आले. आज त्याचे शास्त्रीय नाव ‘डॅनिओ रेरिओ’ असे आहे. ‘डॅनिओ’ हा शब्द बंगालीतील ‘धानी’, म्हणजे भाताशी संबंधित, या शब्दावरून आला असे मानले जाते आणि माशाच्या अधिवासाला तो साजेसाही आहे. भारत, नेपाळ आणि बांगलादेशातील संथ ओढे, नद्यांच्या उथळ कडा, तळी आणि पाणी भरलेली भातशेते येथे तो राहतो. पाण्यावर पडणारे कीटक, त्यांच्या अळ्या आणि सूक्ष्म जलचर हे त्याचे अन्न होय.

हिवाळ्यातील गारवा, उन्हाळ्यातील तापलेले उथळ पाणी आणि पावसाळ्यातील पूर हे सर्व ऋतू तो निसर्गात अनुभवतो. त्याचा काटकपणा येथूनच आला आहे. परंतु निसर्गातील हे बदल हळूहळू होतात, पाण्याचा विस्तार मोठा असतो आणि माशाला नको असलेल्या जागेपासून दूर जाण्याची मुभा असते. काचेच्या चार भिंतींत यांपैकी काहीही उपलब्ध नसते. तेथे निसर्गाचे काम मत्स्यालय ठेवणाऱ्याला करावे लागते.

थवा ही शोभा नव्हे, गरज

झेब्रा मासा थव्याने राहतो. अनेक डोळे एकत्र असले की शत्रू लवकर दिसतो आणि एकाच वेळी वळणाऱ्या अनेक पट्ट्यांमधून एका माशावर नेम धरणे शिकाऱ्याला कठीण जाते. शरीराच्या दोन्ही बाजूंना असलेल्या संवेदनशील रेषेमुळे शेजारच्या माशाच्या हालचालीने पाण्यात उठणारी लहर त्याला जाणवते आणि थवा क्षणार्धात दिशा बदलतो. एखाद्या माशाच्या त्वचेला इजा झाल्यास तिच्यातून भयसूचक रसायन पाण्यात मिसळते आणि बाकीचे मासे सावध होतात. जर्मनभाषक शास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांनी १९३८ मध्ये झेब्राच्याच कुळातील एका लहान युरोपीय माशात ही गोष्ट दाखवून दिली होती. ज्या खुणांच्या माशांमध्ये झेब्रा लहानाचा मोठा होतो, त्याच खुणांच्या माशांकडे तो पुढे ओढला जातो, असेही प्रयोगांत दिसून आले आहे.

एकट्या किंवा जोडीने ठेवलेल्या झेब्रामध्ये याचा उलट परिणाम दिसतो. काही मासे कोपऱ्यात दबून राहतात, काहींचा रंग फिका पडतो, तर काही आपल्या एकमेव सोबत्याचा दिवसभर पाठलाग करून त्याचे पर कुरतडतात. ‘हा मासा भांडखोर निघाला’ अशी तक्रार होते, तेव्हा दोष बहुधा माशाचा नसून संख्येचा असतो. थवा मोठा असला की किरकोळ दांडगाई सर्वांत विभागली जाते आणि कोणा एकाला ती जाचत नाही. म्हणून किमान सहा आणि शक्य असल्यास आठ ते दहा मासे एकत्र ठेवावेत. नर सडपातळ आणि सोनेरी छटेचा असतो. मादी अधिक रुपेरी आणि पोटाकडे भरदार असते. थव्यात माद्यांची संख्या अधिक असणे हितावह ठरते.

टाकी उंच नको, लांब हवी

पूर्ण वाढलेला झेब्रा साधारण चार ते पाच सेंटीमीटर लांब असतो. त्याला पोहण्यासाठी खोलीपेक्षा लांबी अधिक लागते. ६० सेंटीमीटर लांब, ३० सेंटीमीटर रुंद आणि ३० सेंटीमीटर उंच टाकीची क्षमता ५४ लिटर होते. आठ-दहा माशांच्या थव्यासाठी ही टाकी पुरेशी आहे. गोल भांड्यात पाणी कमी, हवेशी संपर्क येणारा पृष्ठभाग अपुरा आणि सरळ पोहण्यास वाव नाही. त्यामुळे ते टाळावे.

भरलेल्या टाकीचे वजन पाणी, काच आणि वाळू मिळून सत्तर किलोच्या आसपास जाऊ शकते. त्यामुळे ती मजबूत आणि सपाट आधारावर ठेवणे आवश्यक आहे. खिडकीतील थेट उन्हामुळे पाणी तापते आणि शेवाळ माजते. तळाशी बारीक, गोलसर वाळू घालावी. मागील बाजूस व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला यांसारख्या वनस्पती दाट लावाव्यात आणि मध्यभाग पोहण्यासाठी मोकळा ठेवावा. झेब्रा उडी मारण्यात पटाईत असल्याने टाकीला झाकण हवेच.

पाणी ‘पिकणे’ म्हणजे काय?

मत्स्यालयाचे यशापयश या एका प्रश्नावर अवलंबून असते. मासे मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. उरलेले अन्न आणि विष्ठा कुजूनही अमोनिया तयार होतो. तो कल्ल्यांना दाहक असून, पाणी जितके अल्कधर्मी आणि उष्ण, तितका अधिक विषारी ठरतो. नदीत तो प्रचंड पाण्यात विरून जातो. पन्नास लिटरच्या टाकीत मात्र तो साठत राहतो आणि डोळ्यांना दिसत नाही.

त्याचा निचरा करणारे कामगार म्हणजे जिवाणू. त्यांचा एक गट अमोनियाचे रूपांतर नायट्राइटमध्ये करतो. नायट्राइटही घातक असते. ते रक्तातील प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता कमी करते आणि मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागतात. दुसऱ्या गटातील जिवाणू या नायट्राइटचे तुलनेने सौम्य अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नायट्रेट काही प्रमाणात वनस्पती शोषून घेतात आणि उरलेले नियमित पाणी बदलल्याने कमी होते. हे जिवाणू वाळूवर, काचेवर आणि विशेषतः फिल्टरमधील स्पंजावर वाढतात. त्यांची पुरेशी वाढ होण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. यालाच मत्स्यपालक ‘टाकी पिकणे’ असे म्हणतात.

ही प्रक्रिया सुरू करण्यासाठी नव्या टाकीत प्रथम झेब्रा मासे सोडण्याचा प्रघात छंदाच्या दुनियेत दीर्घकाळ चालत आला. मासा काटक असल्याने तो तग धरेल, हा त्यामागचा हिशेब होता. काही मासे तग धरतातही, पण कल्ल्यांना झालेली इजा त्यांचे आयुष्य घटवते आणि दुर्बल मासे रोगांना बळी पडतात. मासे न सोडताही टाकी पिकवता येते. त्यासाठी फिल्टर अखंड चालू ठेवावा आणि रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर माशांचे खाद्य टाकावे. ते कुजून तयार होणाऱ्या अमोनियावर जिवाणू वाढतात. ओळखीच्या कोणाकडे निरोगी, जुनी टाकी असल्यास तिच्यातील वापरता स्पंज आणून आपल्या फिल्टरमध्ये बसवावा. हा काळ त्यामुळे बराच कमी होतो.

टाकी तयार झाली की नाही, हे अंदाजाने ठरवू नये. पाणी तपासण्याचे साधे संच बाजारात मिळतात. अन्नपुरवठा चालू असूनही अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आणि नायट्रेट मात्र दिसू लागले, की टाकी माशांसाठी सज्ज झाली असे समजावे. त्यानंतरही संपूर्ण थवा एकाच दिवशी न सोडता तीन-चार माशांच्या गटाने, आठवड्याच्या अंतराने सोडावा. जिवाणूंना वाढत्या भाराशी जुळवून घेण्यास त्यामुळे अवधी मिळतो. सुरुवातीचे काही दिवस लहान असलेला हा गट पुढे पूर्ण थवा होतो.

नळाचे पाणी आणि साप्ताहिक निगा

नगरपालिकेच्या नळाच्या पाण्यातील क्लोरीन मासे आणि उपयुक्त जिवाणू या दोहोंना अपायकारक असते. असे पाणी उघड्या बादलीत, शक्यतो हवेचा पंप लावून, चोवीस तास ठेवल्यास क्लोरीन उडून जाते. पाण्यात क्लोरामीन वापरलेले असल्यास मात्र ते असे उडून जात नाही. त्यासाठी दुकानात मिळणारे अँटीक्लोरिन दिलेल्या प्रमाणात वापरावे.

दर आठवड्याला टाकीतील एक पंचमांश ते एक चतुर्थांश पाणी बदलावे. तळातील घाण नळीने ओढून घ्यावी आणि टाकीतील पाण्याच्या तापमानाचेच नवे पाणी हळूहळू भरावे. सगळे पाणी एकदम काढून, वाळू आणि फिल्टर नळाखाली घासून धुण्याची पद्धत घराघरांत दिसते. स्वच्छतेच्या या अतिरेकात आठवडे खर्चून वाढलेले जिवाणू नष्ट होतात आणि पिकलेली टाकी पुन्हा कोरी होते. स्पंज धुवायचाच असेल, तर टाकीतून काढलेल्या पाण्यात हलकेच पिळून घ्यावा.

साधारण २२ ते २६ अंश सेल्सिअस तापमान झेब्राला मानवते. मुंबई, गोवा किंवा चेन्नईसारख्या किनारी भागांत हीटरची गरज सहसा भासत नाही. दिल्ली, भोपाळ किंवा इंदूर येथील हिवाळ्यात मात्र पाणी १८ अंशांखाली जाऊ लागल्यास लहान हीटर लावणे इष्ट ठरते. नागपूरसारख्या ठिकाणच्या उन्हाळ्यात प्रश्न उलटा असतो. पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. अशा वेळी झाकणाऐवजी जाळी लावून पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडावा आणि हवेचा पंप वाढवावा. बर्फ टाकून पाणी एकाएकी थंड करणे धोक्याचे असते.

वीज दीर्घकाळ खंडित होण्याचा अनुभव असलेल्या भागांत बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ असावा. फिल्टर बंद पडला की मासे आणि जिवाणू दोघांनाही प्राणवायूची चणचण भासते. वीज येईपर्यंत माशांना खाद्य देऊ नये.

थोडे आणि वारंवार

झेब्राच्या पचनसंस्थेत जठर नसते. अन्न सरळ आतड्यात जाते. म्हणून एकदाच भरपूर खाऊ घालण्यापेक्षा दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य देणे योग्य ठरते. त्याचे तोंड वरच्या दिशेने वळलेले असल्याने पृष्ठभागावर तरंगणारे बारीक खाद्य तो सहज टिपतो. अधूनमधून डासांच्या अळ्या द्याव्यात. ट्यूबिफेक्स नावाचे लाल कृमी मासे आवडीने खातात, परंतु ते दूषित पाण्यातून गोळा केलेले असल्यास त्यांच्यासोबत रोगजंतू येण्याचा धोका असतो.

घरातील प्रत्येक सदस्याने स्वतंत्रपणे चिमूट टाकल्यामुळे होणारा अतिआहार हे पाणी बिघडण्याचे नेहमीचे कारण आहे. खाद्य देण्याची जबाबदारी एकावरच सोपवावी. कुटुंब चार-पाच दिवसांसाठी बाहेरगावी गेल्यास निरोगी प्रौढ मासे उपाशी राहू शकतात. शेजाऱ्याने प्रेमाने टाकलेले मूठभर खाद्य त्यापेक्षा अधिक घातक ठरू शकते.

सोबती आणि आजार

शांत स्वभावाचे, साधारण त्याच आकाराचे मासे झेब्राबरोबर सुखाने राहतात. चेरी बार्ब, रासबोरा आणि तळाशी वावरणारे कोरीडोरास ही त्याची उदाहरणे आहेत. फायटर आणि एंजल यांसारख्या लांब परांच्या संथ माशांना झेब्राची सततची धावपळ त्रासदायक होते आणि त्यांचे पर कुरतडले जाण्याचाही संभव असतो. गोल्डफिश मोठे होतात आणि पुष्कळ घाण करतात. एवढ्या टाकीत त्यांना सोबत ठेवू नये.

खरेदी करताना खपाटीला गेलेले पोट, मिटलेले पर किंवा वाकलेला कणा असलेले मासे टाळावेत. इतकेच नव्हे, तर त्याच टाकीतील इतर मासेही घेऊ नयेत. घरी आणल्यावर पिशवी पंधरा-वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवावी, नंतर अर्ध्या तासात थोडे थोडे टाकीतील पाणी तिच्यात घालावे आणि जाळीने मासे उचलून सोडावेत. दुकानातील पाणी टाकीत ओतू नये. जुन्या थव्यात नवे मासे मिसळण्यापूर्वी दोन ते तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवल्यास पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगासारखा संसर्ग रोखता येतो. हातावर जखम असताना टाकीत हात घालू नये आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत. माशांतील काही जिवाणू माणसाच्या त्वचेलाही बाधू शकतात.

पारदर्शक अंड्यातील हृदय

निसर्गात झेब्राचा विणीचा हंगाम पावसाळ्याशी निगडित असतो. घरच्या टाकीत मात्र तो वर्षभर अंडी घालू शकतो. पहाटेच्या पहिल्या प्रकाशात मादी अंडी विखरून टाकते आणि लक्ष नसल्यास आई-बापच ती खाऊन टाकतात. यासाठी वेगळ्या लहान टाकीच्या तळाशी काचेच्या गोट्यांचे दोन थर पसरून संध्याकाळी नर-मादी तेथे सोडावेत. अंडी गोट्यांच्या फटींत सुरक्षित राहतात. अंडी घालून झाली की मोठे मासे बाहेर काढावेत. दोन ते तीन दिवसांत पिले बाहेर येतात.

अंडे जेमतेम एक मिलिमीटर व्यासाचे आणि पारदर्शक असते. एका दिवसात त्यात हृदय धडधडू लागते आणि दुसऱ्या दिवशी साध्या भिंगातूनही ते पाहता येते. याच पारदर्शकतेने या माशाला प्रयोगशाळेत नेले. अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठाचे जॉर्ज स्ट्राइसिंगर यांनी १९८१ मध्ये झेब्रा माशाच्या कृत्रिम प्रतिकृती तयार केल्याचे जाहीर केले आणि जनुकशास्त्रात या माशाचे स्थान पक्के झाले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या संपूर्ण जनुकीय आराखड्यावरून मानवी जनुकांपैकी सुमारे ७० टक्के जनुकांना झेब्रात समकक्ष जनुक असल्याचे स्पष्ट झाले. इजा झालेले हृदय पुन्हा घडवण्याची क्षमताही त्याच्याकडे आहे. पुण्यातील आघारकर संशोधन संस्थेसह देशातील अनेक संस्थांत त्यावर संशोधन केले जाते.

नको झालेले मासे नदीत नकोत

बदली, घराची दुरुस्ती किंवा कंटाळा यांमुळे मत्स्यालय मोडण्याची वेळ आली की मासे जवळच्या तलावात सोडून देण्याचा मोह होतो. मासा मूळचा भारतीय आहे, मग त्यात अपाय काय, असेही वाटू शकते. परंतु पिढ्यानपिढ्या टाकीत वाढलेला मासा आपल्यासोबत रोगजंतू नेतो आणि ज्या जलाशयात ही जात मुळात नाही तेथे तो उपराच ठरतो. जनुकीय बदल करून चमकदार रंग दिलेले झेब्रा मासे २००३ च्या अखेरीपासून अमेरिकेत विकले जाऊ लागले. ब्राझीलमध्ये असे मासे मत्स्यशेतांतून निसटून ओढ्यांत वाढत असल्याचे २०२२ मध्ये शास्त्रज्ञांनी नोंदवले. त्यामुळे मासे ठेवणे अशक्य झाल्यास ते दुसऱ्या मत्स्यपालकाला द्यावेत किंवा दुकानदाराला परत करावेत.

झेब्रा मासा स्वस्त आहे, पण त्याची निगा किमतीच्या प्रमाणात ठरवता येत नाही. रिकामी टाकी पिकेपर्यंतचे चार ते सहा आठवडे मुलांना फार लांब वाटतात. तेवढा काळ पाण्यातील बदल त्यांनाच मोजू द्यावा आणि वहीत टिपू द्यावा. अमोनिया वाढतो, मग उतरतो, नायट्राइट चढते आणि तेही शून्यावर येते. हा आलेख पूर्ण झाल्यावर टाकीत सोडलेला थवा पहिल्याच दिवशी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकत्र धावू लागतो. पाणी त्याला मानवल्याचे ते लक्षण होय.